टपावरचा संसार

आमच्या घरातला कोणताही प्रवास ‘सामान अगदी थोडं घ्यायचं हं!’ या वाक्याने सुरू होतो आणि ‘अरे, ते राहिलंच की!’ या वाक्याने संपतो. मधल्या भागाला लोक प्रवास म्हणतात.

यंदा चैत्रात बेत ठरला. जळगावहून निघायचं, धुळ्याला आत्याला घ्यायचं, वणीच्या गडावर सप्तशृंगीचं दर्शन घ्यायचं आणि पुढे नाशिकला बहिणीकडे दोन दिवस राहायचं. चैत्रात खानदेशातली माणसं पायी गडावर जातात. आमचे पाय बँकेच्या काउंटरखाली हलवण्यापलीकडे फारसे वापरात नसल्यामुळे आम्ही मोटारीने जाणार होतो. मी, सौभाग्यवती, चिरंजीव, आई आणि आत्या अशी माणसं पाच. गाडीही पाच माणसांची. पण तेरीज जुळली म्हणजे खाती बरोबर असतातच असं नाही, हे बी.कॉम.ला आम्हाला शिकवलं होतं. स्वस्त पडतं म्हणून मी मोठ्या हुशारीने गाडीला सीएनजी बसवून घेतला आहे. त्यामुळे डिक्कीत गॅसची टाकी ऐसपैस पसरलेली असते आणि तिच्या शेजारी एक छत्री व फार तर दोन नारळ अंग चोरून बसू शकतात.

“त्यात काय एवढं?” आई गहू निवडता निवडता म्हणाली. “मी राहते घरी. माझ्या जागेवर बॅगा ठेवा.”

ती हे अगदी सहज म्हणाली, तेच मला लागलं. पाहुणे आले की तिने खाट सोडली, माझ्या परीक्षा आल्या की दिव्याजवळची जागा सोडली, लग्नाच्या पंगतीत तर तिला बसलेली मी पाहिलेलीच नाही. आता बॅगांसाठी ती देवीचं दर्शन सोडायला निघाली होती. सामान गाडीच्या डोक्यावर जाईल, पण आई मागच्या सीटवर खिडकीशी बसेल, असा ठराव मी तिथल्या तिथे एकमताने मंजूर केला. मत माझं एकट्याचंच होतं.

दुसऱ्या दिवशी मोटारींच्या सामानाच्या दुकानात गेलो.

“साहेब, घ्यायचं तर थुलेचं घ्या. एक नंबर!” दुकानदार म्हणाला.

“धुळ्याचं कशाला? जळगावात नाही का मिळत?” आम्हा जळगावकरांचा स्वाभिमान असा कुठेही जागा होतो.

मग त्याने मला शिकवलं, की थुले ही कंपनी आहे आणि ती स्वीडनची आहे. घरी येऊन वाचलं तर आणखी मौज. 1942 साली एरिक थुलिन नावाच्या गृहस्थाने ती काढली ती मासे पकडण्याचे सापळे विकायला! मोटारीच्या टपाकडे ती वळली ती 1960च्या दशकात. तिची बंद, निमुळती पेटी फारच देखणी होती. किंमत ऐकल्यावर मात्र आपण कर्ज मंजूर करणाऱ्या बाजूला बसतो की मागणाऱ्या, हे मला क्षणभर आठवेना.

पण एकदा फाईल उघडली की मागची सगळी कागदपत्रं वाचल्याशिवाय कारकुनाला चैन पडत नाही. टपावर सामान ठेवायचं पहिल्यांदा सुचलं तरी कुणाला? आपल्या लमाणांनी मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून देशभर फिरवलं. तिथे टपाचा प्रश्नच नव्हता. बैलगाडीत माणूस आणि पोतं एकाच पातळीवर बसत, फार तर माणूस पोत्यावर. वाहनाला पक्कं छप्पर आलं तेव्हा ‘आत’ आणि ‘वर’ हा भेद आला. इंग्लंडातल्या घोड्यांच्या टपाल-गाड्यांत पैसेवाले आत बसत आणि कमी भाडं देणारे वर, पेट्यांच्या सोबतीला, पावसात. आईने जी जागा सोडली तिचा इतिहास हा असा आहे.

आपल्याकडे टपाला खरी प्रतिष्ठा दिली ती एसटीने. 1 जून 1948 रोजी पुण्याहून नगरला पहिली गाडी सुटली आणि पुढे अर्धा महाराष्ट्र टपावरून इकडचा तिकडे झाला. मागे लोखंडी शिडी, वर कठडा. त्यावर ट्रंका, वळकट्या, सायकली, भाजीच्या पाट्या, लग्नाच्या मोसमात कपाटंसुद्धा. कुणाच्या लेकीला काय दिलं हे गावाला बघायचं असेल, तर टपाकडे मान वर केली की पुरे. पुढे आराम गाड्या आल्या आणि सामान गाडीच्या पोटात गेलं. तेव्हापासून कोण काय नेतो, हे कुणालाच कळत नाही.

मोटारींचीही हीच कथा. अँबॅसडर आणि फियाट यांच्या छताच्या कडेला पावसाचं पाणी वाहून जायला पत्र्याची पन्हळ असे. कॅरियरचे पाय त्या पन्हळीत अडकवायचे, बोल्ट पिळायचे, की वर संसार थाटायला मोकळे. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीचा तर कॅरियर हा मुकुटच होता. तो 2023च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरला. अँबॅसडरचा कारखाना त्याच्याही आधी, 2014 सालीच बंद पडला होता. नव्या गाड्यांत छताचा सांधा खाचेत झाळतात आणि वर रबराची काळी पट्टी बसवतात. दिसायला छान, पण पन्हळ गेली आणि कॅरियरला पाय ठेवायला जागा राहिली नाही.

तेव्हा माझ्यापुढे पर्याय उरले ते असे. दारातून पट्टे ओढून बांधायची मऊ पिशवी. ही स्वस्त होती, पण तिच्यात आईची पत्र्याची ट्रंक मावत नव्हती, आणि ट्रंकेशिवाय आई प्रवासाला निघत नाही. देखणी पेटी तर अंदाजपत्रकानेच नाकारली. शेवटी दाराच्या चौकटीला पकडणारे दोन आडवे दांडे आणि त्यावर ॲल्युमिनियमचा उघडा कठडा घेतला. गाडीच्या पुस्तिकेत टपावर पन्नास किलोची मर्यादा होती आणि त्यात कॅरियरचं स्वतःचं वजनही धरायचं होतं. व्याजावर व्याज म्हणतात ते हेच! न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर मी एकेक नग चढवला आणि रकाने भरले. ट्रंक नऊ किलो, तीही रिकामी. बहिणीसाठी निघालेलं मांड्यांचं खापर फुटण्याच्या भीतीने चिरंजीवांच्या मांडीवर गेलं. जड ते मधोमध, हलकं कडेला, वरून ताडपत्री.

आता बांधायचं. दुकानदाराने दिलेला पट्टा मी बांधला आणि गाडी गल्लीतून एक फेरी फिरवून आणली, तर वरून भुंग्यासारखा आवाज. पट्ट्याला एक पीळ दिला की तो गुणगुणत नाही, हे मला नंतर कळलं. मग दोरी घेतली. माझी गाठ प्रत्येक वेळी सैल. चौथ्या खेपेला आई पायरीवरून उठली.

“सर बाजूला.”

तिने दोरीला मध्येच एक फासा घातला, टोक खालच्या दांड्याला वेढून फाशातून घेतलं, पाय टेकून ओढलं आणि दोन आढे मारले. दोरी तारेसारखी ताठ! मी बघतच राहिलो.

“तुझ्या बाबांची गाठ आहे ही,” ती म्हणाली. “लग्न होऊन धुळ्याहून आले, तेव्हा हीच ट्रंक एसटीच्या टपावर होती. त्यांनी स्वतः वर चढून बांधली. मी खालून बघत होते.”

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांना गाठी येत होत्या हे मला माहीत नव्हतं. माझ्यासमोर त्यांनी बांधली ती फक्त रद्दी.

पहाटे निघालो. आई खिडकीशी. चौपदरी रस्त्यावर मी साठच्या वर गेलो नाही. एरंडोल आलं तशी ती म्हणाली, “गाडी थांबव जरा.”

“चहा घ्यायचाय का?”

“चहा नको. बघायचंय. तेव्हा ते प्रत्येक थांब्यावर उतरून बघायचे.”

ती उतरली, टाचा उंच करून ताडपत्रीची कड चाचपली, दोरी बोटाने वाजवून पाहिली आणि परत येऊन बसली. पारोळ्यालाही उतरली. धुळ्याला आत्या दारातच उभी होती. तिने आधी टपाकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

“हाई काय शे रे भाऊ?”

“ट्रंक आहे माझी,” आई आतूनच म्हणाली. “बस लवकर. खिडकी मी देणार नाही.”