हजार धावांचे ओझे

१९८८ साली शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या दोन पोरांनी हॅरिस शील्डच्या सामन्यात ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. तेव्हापासून मुंबईतलाच काय, पाण्याच्या अलीकडे राहणारा आमच्या करंजा गावातला बापही पोराच्या हाती बॅट देताना मनात एखादा आकडा धरूनच देऊ लागला. मी शाळामास्तर. पोरगा बाद झाला की त्याच्याआधी बापाचा चेहरा उतरतो, हे मैदानाच्या कडेला उभे राहून मी पुष्कळदा पाहिले आहे.

या आकड्यांच्या वेडाची वंशावळ मात्र जुनी. १८९९ च्या जूनमध्ये इंग्लंडातील क्लिफ्टनच्या शाळेत आर्थर कॉलिन्स या तेरा वर्षांच्या मुलाने नाबाद ६२८ धावा केल्या. मुलगा जन्मला होता आपल्या हिंदुस्थानात, हजारीबागेस. शाळेत आला तेव्हा आईबाप दोघेही वारलेले. म्हणजे कडेला उभे राहून ओरडणारे घरचे कोणी नव्हते! पुढे तो सैन्यात गेला आणि १९१४ च्या महायुद्धात पडला. मोठ्या दर्जाचे क्रिकेट तो कधी खेळलाच नाही, आणि त्याबद्दल त्याला कोणी जाब विचारल्याचेही ऐकिवात नाही.

त्याचा विक्रम ११६ वर्षे टिकला. तो मोडला आपल्या कल्याणात. ४ आणि ५ जानेवारी २०१६ या दोन दिवसांत के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलाने ३२७ चेंडूंत नाबाद १००९ धावा केल्या. १२९ चौकार, ५९ षटकार! संघाच्या धावा ३ बाद १४६५. समोरच्या शाळेच्या दोन डावांत मिळून ८३. मास्तर असल्यामुळे असेल, पण माझे मन त्या दुसऱ्या शाळेतल्या, लहान वयाच्या पोरांकडेच वळते. दोन दिवस चेंडूमागे धावधाव धावली बिचारी, आणि डाव सोडावा असे कोणा वडीलधाऱ्याला लवकर सुचले नाही.

प्रणवचे वडील रिक्षा चालवीत. मुंबई क्रिकेट असोसिएशनने मुलाला पाच वर्षांसाठी महिना १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. पण आता त्याच्या पन्नास धावांना कोण विचारतो? हजारांपुढे त्या उण्याच. ओझे पेलेना, पोराने खेळ सोडला, अशा बातम्या दोन वर्षांच्या आतच छापून आल्या. छापणारी वर्तमानपत्रे तीच, आणि चहाबरोबर त्या वाचणारे तुम्ही-आम्हीही तेच.

२०१७ साली वडिलांनीच असोसिएशनला पत्र धाडले : मुलाचा खेळ उतरला आहे, तेव्हा शिष्यवृत्ती बंद करावी. रिक्षावाल्याच्या घरात दहा हजार म्हणजे काय, हे सांगायला नको. कोणी याला बापाचा मानीपणा म्हणेल. मला वाटते, पोराच्या डोक्यावरचे निदान एक गाठोडे त्यांनी आपल्या हाताने उतरवून ठेवले. उरलेले ९९० आणि वर १९, ते मात्र त्यांच्या हातातले नव्हते.