विषाची वाफ आणि बुरशीचा वाण



शिळ्या भाकरीवर बुरशी दिसली कीं आपण ती भाकरी उकिरड्यावर टाकतों. अशा ह्या तुच्छ बुरशीचें कूळ सुधारण्यासाठीं मनुष्यानें रणांगणावरील विषाच्या कुळाकडे धाव घेतली. ती हकीकत आज मला सांगावयाची आहे.

१२ जुलै १९१७ च्या रात्रीं बेल्जममधील ईप्र शहराजवळ जर्मन सैन्यानें मस्टर्ड वायूचे गोळे प्रथम फेंकले. ह्या वायूनें कातडीवर मोठमोठे फोड येत, डोळे जात आणि फुप्फुसें जळत. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळीं एडिंबरो येथील औषधिशास्त्रज्ञ रॉबसन यांच्या ध्यानांत आलें कीं, ह्या वायूचे व्रण क्ष-किरणांच्या व्रणांसारखेच आहेत. क्ष-किरणांनीं आनुवंशिक गुण पालटतात, हें मुलर यांनीं १९२७ मध्यें सिद्ध केलें होतें. मग हा वायुही तेंच करीत नसेल कशावरून?

ह्या प्रश्नाचा पाठपुरावा शार्लट आउअरबाख ह्या विदुषींनीं केला. ज्यू असल्यामुळें १९३३ मध्यें त्यांना जर्मनींतून परागंदा व्हावें लागलें होतें. फळमाश्यांना विषारी वाफेंत ठेवावें आणि त्यांची संतति तपासावी, असा त्यांचा क्रम होता. त्यांत त्यांचे स्वतःचे हात भाजून निघाले. १९४१ मध्यें होकारार्थी उत्तर मिळालें. परंतु युद्धाचें गुपित म्हणून तें दडवून ठेवावें लागलें. १९४६ मध्यें तें जगापुढें आलें.

आतां बुरशीकडे वळूं. १९२८ मध्यें फ्लेमिंग यांना गवसलेली बुरशी पेनिसिलीन देई, पण अगदीं थोडें. १९४३ मध्यें अमेरिकेंतील पिओरिया येथें एका नासक्या खरबुजावर अधिक सढळ वाण सांपडला. त्याच्या वंशावर प्रथम क्ष-किरणांचा, नंतर विस्कॉन्सिन विद्यापीठांत अतिनील किरणांचा मारा झाला; आणि पुढें मस्टर्ड वायूचा रासायनिक भाऊबंद जो नायट्रोजन मस्टर्ड, त्याचाही उपयोग करण्यांत आला.

ह्या कामाची रीत सांगण्यास सोपी, पण करण्यास कठीण. विषाच्या स्पर्शानें पुष्कळसे बीजाणु मरतात. जे वांचतात त्यांची वेगवेगळी लागवड करून प्रत्येकानें औषध किती दिलें तें मोजावयाचें. बहुतेक पूर्वीसारखेच किंवा निकृष्ट निघतात. एखादाच सरस ठरतो. तो राखून त्याच्यावर पुन्हा तोच प्रयोग करावयाचा.

म्हणजे विष कांहीं निवड करीत नाहीं. विष आंधळें आहे. तें गुण बिघडवितें तसेच क्वचित् सुधारतें. निवड करतो तो मनुष्य. खळ्यावर बसून बियाण्याचीं कणसें वेगळीं काढणारा आपला शेतकरी आणि प्रयोगशाळेंत शेंकडों नळ्या तपासणारा शास्त्रज्ञ, हे एकाच धंद्याचे. ह्या चिकाटीवांचून पेनिसिलीन गरिबाच्या खाटेपर्यंत पोंचलेंच नसतें. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरी येथें त्याच्या निर्मितीसाठीं १९५४ मध्यें सरकारी कारखान्याची स्थापना झाली.

परंतु तेवढ्यानें विषाचा डाग धुतला गेला, असें मात्र समजूं नये. १९८० नंतरच्या इराण-इराक युद्धांत ह्याच मस्टर्ड वायूनें पुन्हा माणसें होरपळलीं. आउअरबाखबाईंनीं हात भाजून घेतले ते ज्ञानासाठीं. त्या सैनिकांना मात्र कोणीं विचारलें नव्हतें.