गट सोपा, गट अवघड

माझा भाचा नेटवर क्रिकेट मॅनेजरचा खेळ खेळतो. आपला संघ बांधायचा, खेळाडू घ्यायचे-विकायचे आणि लीगमध्ये उतरायचं. मध्यंतरी त्याची एकच तक्रार चालू होती, "मामा, आमच्या लीगमधला चौथा संघ शेजारच्या लीगमध्ये सहज पहिला येईल!" आता हे सिद्ध कसं करणार? दोन्ही लीगचे संघ एकमेकांशी खेळतच नाहीत.

मंडळी, हा वाद आपल्या रणजी करंडकाला चांगलाच ओळखीचा आहे. आमचं पिंपळगाव, म्हणजे सगळा नाशिक जिल्हाच, क्रिकेटच्या नकाशावर 'महाराष्ट्र' संघात येतो. राज्य एक, पण संघ तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. त्यातला विदर्भ मध्य विभागात. महाराष्ट्र मात्र पश्चिम विभागात, थेट मुंबईच्या पंगतीला!

१९५७-५८ पासून विभागवार साखळी सामने सुरू झाले. प्रत्येक विभागातला फक्त पहिला संघ बाद फेरीत जायचा. त्यात मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ असा सलग १५ वेळा करंडक जिंकला. म्हणजे १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोन करंडक मिळवलेल्या महाराष्ट्राला पुढे जायचं, तर आधी या मुंबईला मागे टाकणं भाग होतं. तिकडे मध्य विभागातून राजस्थानने १९६०-६१ ते १९६९-७० या काळात सात वेळा अंतिम फेरी गाठली. सातही वेळा मुंबईकडूनच हरले, पण नोंद 'उपविजेता' अशी झाली.

मग राजस्थान महाराष्ट्रापेक्षा भारी होता का? नुसत्या तक्त्यावरून नाही सांगता येत.

१९७०-७१ मध्ये नियम बदलला. प्रत्येक विभागातले पहिले दोन संघ पुढे जाऊ लागले. आणि गंमत बघा, पहिल्याच वर्षी अंतिम सामना झाला मुंबई विरुद्ध महाराष्ट्र! दोन्ही संघ एकाच विभागाचे. आधीच्या नियमात हे शक्यच नव्हतं. त्यातही वाडेकर, गावस्कर, सरदेसाई वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर होते. तरी सुधीर नाईकांच्या मुंबईने ४८ धावांनी बाजी मारली. पश्चिम विभाग किती अवघड होता, याचा याहून चांगला पुरावा कुठला?

२००२-०३ मध्ये विभाग गेले, 'एलिट' आणि 'प्लेट' असे गट आले. आता निदान अवघड कुठलं ते नावावरच लिहिलेलं होतं. पण २०१०-११ मध्ये प्लेट गटातून वर आलेल्या राजस्थाननेच करंडक उचलला! उलट २०१८-१९ मध्ये बिहारच्या आशुतोष अमनने प्लेट गटात ६८ बळी घेऊन बेदींचा १९७४-७५ मधला ६४ बळींचा विक्रम मोडला, तेव्हा लगेच 'समोर कोण होतं?' असा सवाल झाला. खरं तर आपला गट त्याने थोडाच निवडला होता?

मला वाटतं, गटातलं स्थान हे निम्मं कर्तृत्व आणि निम्मा पत्ता असतो. वेगवेगळ्या गटांतले संघ समोरासमोर आले, तरच काही कळतं. ज्या वर्षी तशी वाटच ठेवलेली नसते, त्या वर्षीच्या चांगल्या खेळाडूंची नावं तक्त्याच्या तळाशी राहून जातात. म्हणून जुने तक्ते वाचताना मी पहिल्या संघाबरोबर दुसऱ्याचंही नाव बघतो.

तुम्हाला काय वाटतं?