महिला शल्यचिकित्सकांमधील व्यावसायिक कर्करोगाचा धोका

शस्त्रक्रिया करणाऱ्या स्त्री डॉक्टरांचा कामाच्या ठिकाणी कर्करोगजन्य घटकांशी वारंवार संबंध येतो. त्यातून निर्माण होणाऱ्या कर्करोगाच्या वाढीव शक्यतेला महिला शल्यचिकित्सकांमधील व्यावसायिक कर्करोगाचा धोका असे म्हणतात. क्ष-किरण, शस्त्रक्रियेत निघणारा धूर, निर्जंतुकीकरणाची रसायने आणि रात्रपाळी हे त्यातील प्रमुख घटक आहेत. अस्थिशल्यचिकित्सेतील स्त्रिया आणि स्तनाचा कर्करोग यांच्या संबंधाकडे संशोधकांनी विशेष लक्ष दिले आहे. उपलब्ध पुरावा धोक्याकडे निर्देश करतो. मात्र कार्यकारणसंबंध निर्विवादपणे सिद्ध झालेला नाही. महाराष्ट्रातील अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यासारख्या भागात अनेक शस्त्रक्रिया लहान खासगी रुग्णालयांत होतात. तेथे संरक्षणाची व्यवस्था करण्याची जबाबदारी पुष्कळदा स्वतः शल्यचिकित्सकावरच असते.

इतिहास

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांचा वैद्यकीय वापर सुरू झाला. संरक्षणाशिवाय काम केल्यामुळे आरंभीच्या अनेक तंत्रज्ञांना व डॉक्टरांना त्वचेचे व्रण आणि कर्करोग झाले. अमेरिकेतील क्ष-किरणचित्रक एलिझाबेथ फ्लाइशमन यांचा १९०५ मध्ये अशाच कर्करोगाने मृत्यू झाला. क्ष-किरणांमुळे प्राण गमावलेल्यांचे स्मारक १९३६ मध्ये जर्मनीतील हँबुर्ग येथे उभारण्यात आले. पुढे हिरोशिमा व नागासाकी येथील अणुबाँब हल्ल्यांतून वाचलेल्यांच्या दीर्घकालीन अभ्यासातून स्तनाच्या ऊती प्रारणाला विशेष संवेदनशील असल्याचे आढळले. कमी वयात प्रारण लागल्यास धोका अधिक असतो, हेही त्यातून स्पष्ट झाले. अमेरिकेतील क्ष-किरण तंत्रज्ञांच्या अभ्यासात १९४० पूर्वी कामाला लागलेल्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला.

धोक्याचे घटक

आयनीकारक प्रारण : मोडलेले हाड जुळवताना, सळई किंवा स्क्रू बसवताना हाडाची स्थिती पडद्यावर पाहण्यासाठी ‘सी-आर्म’ हे क्ष-किरण यंत्र वापरतात. रुग्णाच्या शरीरावर आदळून विखुरलेले किरण हा शल्यचिकित्सकाला लागणाऱ्या प्रारणाचा मुख्य स्रोत असतो. क्ष-किरण व गॅमा किरण यांचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या गट १ मध्ये, म्हणजे मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांत होतो.

शस्त्रक्रियेतील धूर : कॉटरी किंवा लेसरने ऊती कापताना निघणाऱ्या धुरात बेंझीन, फॉर्माल्डिहाइड यांसारखी रसायने आणि अतिसूक्ष्म कण असतात. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूने बाधित ऊतींवर उपचार करताना धुरात त्या विषाणूचा डीएनए आढळला आहे. गर्भाशयमुखावर उपचार करणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांसाठी ही बाब महत्त्वाची आहे.

रसायने : उपकरणांच्या निर्जंतुकीकरणासाठी वापरला जाणारा इथिलीन ऑक्साइड वायू (ईटीओ) आणि फॉर्माल्डिहाइड हे दोन्ही गट १ मध्ये येतात. भारतातील लहान रुग्णालयांत शस्त्रक्रियागृहाची फॉर्मेलिनने धुरी देण्याची आणि दुर्बिणीची उपकरणे फॉर्मेलिनच्या गोळ्यांसह बंद पेटीत ठेवण्याची पद्धत दीर्घकाळ प्रचलित राहिली आहे.

रात्रपाळी : शरीराचे दैनंदिन जैविक चक्र बिघडवणाऱ्या रात्रपाळीच्या कामाचे वर्गीकरण २००७ मध्ये गट २अ, म्हणजे ‘बहुधा कर्करोगजन्य’ असे करण्यात आले. २०१९ मधील फेरआढाव्यात ते कायम ठेवण्यात आले.

संशोधन व मर्यादा

अमेरिकेतील ५०० हून अधिक महिला अस्थिशल्यचिकित्सकांच्या सर्वेक्षणात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण त्याच वयोगटातील सर्वसाधारण स्त्रियांच्या तुलनेत सुमारे २.९ पट आढळले. हे निष्कर्ष लुरेटा चाऊ आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. इटलीतील एका अस्थिरोग रुग्णालयाच्या २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही प्रारणाच्या संपर्कात आलेल्या शल्यचिकित्सकांमध्ये अर्बुदांचे प्रमाण जास्त दिसले.

हे निष्कर्ष सावधपणे वाचावे लागतात. सर्वेक्षणात माहिती स्वतः डॉक्टरांनी दिलेली असते, रुग्णांची संख्या अल्प असते आणि आजार झालेल्या व्यक्ती उत्तर देण्यास अधिक उत्सुक असू शकतात. दीर्घ प्रशिक्षणामुळे उशिरा होणारे पहिले बाळंतपण किंवा अपत्य नसणे हेही स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारे घटक आहेत. डॉक्टर स्त्रिया तपासणी अधिक नियमितपणे करून घेत असल्याने त्यांच्यातील निदानाचे प्रमाणही वाढू शकते. शिवाय प्रारणामुळे होणारे घन अर्बुद दिसून येण्यास साधारणतः दहा किंवा अधिक वर्षे लागतात. त्यामुळे एखाद्या विशिष्ट रुग्णाचा आजार कामामुळेच झाला, असे सांगणे कठीण असते.

संरक्षक एप्रन आणि स्त्रीशरीर

शिशाचा एप्रन हे प्रारणापासूनचे प्रमुख संरक्षण आहे. मात्र प्रचलित एप्रनचे माप पुष्कळदा पुरुषांच्या शरीरानुसार असते. तो सैल असल्यास काखेजवळ मोकळी जागा राहते आणि हात पुढे करून काम करताना स्तनाचा वरचा बाहेरील भाग उघडा पडतो. स्तनाचे कर्करोग याच भागात सर्वाधिक आढळतात. मानवी आकाराच्या प्रतिकृतींवर केलेल्या मोजमापांत या भागाला तुलनेने जास्त प्रारण मिळत असल्याचे दिसले; सी-आर्म आडवा ठेवून बाजूने प्रतिमा घेताना ते आणखी वाढते. म्हणून अंगाला नीट बसणारा एप्रन, काखेकडील जादा पट्टी किंवा शिशाची बाही आणि गळ्याभोवती थायरॉइड कॉलर वापरण्याची शिफारस केली जाते.

भारतातील नियमन

वैद्यकीय क्ष-किरण यंत्रांचे नियमन १९८३ मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ करते. प्रारणक्षेत्रात काम करणाऱ्या व्यक्तीसाठी मर्यादा सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट असून कोणत्याही एका वर्षात ती ३० मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त असू शकत नाही. गर्भधारणा जाहीर केल्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला मिळणारी मात्रा १ मिलिसिव्हर्टच्या आत ठेवणे आवश्यक असते. मिळालेली मात्रा मोजण्यासाठी टीएलडी बॅज एप्रनच्या आत छातीवर लावतात आणि तो ठरावीक मुदतीने प्रयोगशाळेकडे पाठवतात. बॅज केवळ मोजमाप करतो, संरक्षण देत नाही. तसेच एप्रनखाली छातीवर लावलेल्या बॅजची नोंद काखेजवळील उघड्या भागाला लागलेली मात्रा दाखवतेच असे नाही.

अहिल्यानगर जिल्हा

क्षेत्रफळाने (१७,०४८ चौ. किमी) महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात १४ तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ४५,४३,१५९ होती. राहाता तालुक्यातील लोणी येथील ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९८४ मध्ये सुरू झाले. ते प्रवरा वैद्यकीय विज्ञान संस्था या अभिमत विद्यापीठाचा भाग आहे. नगरजवळील विळद घाट येथे डॉ. विठ्ठलराव विखे पाटील फाउंडेशनचे वैद्यकीय महाविद्यालय आहे.

अशा महाविद्यालयीन रुग्णालयाची आणि तालुक्याच्या गावातील छोट्या रुग्णालयाची स्थिती भिन्न असते. मोठ्या संस्थेत यंत्राची देखभाल, बॅजच्या नोंदी आणि प्रारणसुरक्षा यांची कामे वेगवेगळ्या व्यक्तींकडे असतात. डॉक्टर दांपत्याच्या मालकीच्या रुग्णालयात मात्र शस्त्रक्रिया करणारी स्त्री हीच मालक आणि नियमांच्या दृष्टीने जबाबदार व्यक्तीही असू शकते. एप्रन कोणत्या मापाचा घ्यायचा, त्याला तडे गेले आहेत का हे कधी तपासायचे, धुरी थांबवायची की नाही, हे निर्णय तिलाच घ्यावे लागतात. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात आयनीकारक प्रारणामुळे होणाऱ्या रोगांचा समावेश करण्यात आला होता. परंतु ती तरतूद मालक आणि कर्मचारी यांच्या नात्यावर आधारलेली असल्याने स्वतंत्र व्यावसायिकाला तिचा उपयोग होत नाही.

प्रतिबंध

प्रारण कमी करण्याची तीन सूत्रे आहेत : वेळ, अंतर आणि आवरण. किरण अखंड सुरू न ठेवता थोड्या थोड्या वेळाने प्रतिमा घ्यावी. स्रोतापासूनचे अंतर दुप्पट केल्यास मात्रा सुमारे एक चतुर्थांश होते. क्ष-किरण नळी टेबलाखाली ठेवल्यास आणि बाजूने प्रतिमा घेताना नळीच्या विरुद्ध बाजूस उभे राहिल्यास विखुरलेले किरण कमी लागतात. एप्रनची घडी घातल्यास शिशाच्या थराला तडे जातात. म्हणून तो टांगून ठेवतात आणि त्याची वेळोवेळी तपासणी करतात.

धुरासाठी तो जागीच ओढून घेणारे उपकरण वापरणे उपयुक्त ठरते. साधा शस्त्रक्रिया मास्क अतिसूक्ष्म कण पुरेसे अडवत नाही. या विषाणूच्या नियमित संपर्कात येणाऱ्या डॉक्टरांनी प्रतिबंधक लस घ्यावी, अशी शिफारस अमेरिकेतील गर्भाशयमुख विकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये केली. उष्णता सहन करणाऱ्या उपकरणांसाठी फॉर्मेलिनऐवजी वाफेचे निर्जंतुकीकरण वापरता येते. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ३० वर्षांवरील स्त्रियांसाठी स्तन, गर्भाशयमुख आणि मुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची तरतूद आहे. शल्यचिकित्सक स्त्रियांसाठीही ती तितकीच लागू आहे.

शस्त्रक्रियागृहातील परिचारिका, भूलतज्ज्ञ आणि तंत्रज्ञ यांनाही यांतील बहुतेक घटकांचा सामना करावा लागतो. त्यामुळे हे उपाय त्यांच्यासाठीही आवश्यक ठरतात.