रिमोट नाही, ड्रायव्हर नाही, तरी शर्यत जिंकायचीय! ‘लेट्स अँड गो’मधला गो सेइबा कोण आहे?

बारामती एमआयडीसीत पियाजिओच्या कारखान्यात आपे रिक्षा आणि व्हेस्पा स्कूटर तयार होतात. शेजारच्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. ते वसवणाऱ्या वालचंद हिराचंद यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी तिचीच. म्हणजे गाडी आणि इंजिन हा विषय आपल्या भागाला काही नवा नाही.

पण आजची गाडी तळहातावर मावणारी आहे. आणि तिचा हिरो आहे प्राथमिक शाळेत जाणारा एक उतावळा पोरगा, गो सेइबा.

नेमकी मालिका कोणती?

जपानी नाव ‘बाकुसो क्योदाई लेट्स अँड गो’. तेत्सुहिरो कोशिता यांची ही चित्रकथा १९९४ पासून ‘कोरोकोरो कॉमिक’ या मुलांच्या मासिकात येऊ लागली. जानेवारी १९९६ मध्ये तिच्यावरची अ‍ॅनिमे मालिका टीव्ही टोकियोवर सुरू झाली आणि १९९८ च्या शेवटापर्यंत चालली. तीन पर्व, प्रत्येकी ५१ भाग, एकूण १५३.

नावातच एक गंमत आहे. मोठ्या भावाचं नाव रेत्सु, धाकट्याचं गो. इंग्रजीतलं ‘लेट्स’ जपानी माणूस साधारण ‘रेत्सु’ असंच उच्चारतो. म्हणून रेत्सु आणि गो, म्हणजे ‘लेट्स अँड गो’.

दोन भाऊ, दोन गाड्या

डॉ. त्सुचिया नावाचे संशोधक या भावांना ‘सेबर’ जातीच्या दोन गाड्या देतात. निळ्या केसांचा गो घेतो मॅग्नम सेबर. लाल केसांचा रेत्सु घेतो सॉनिक सेबर.

इथून दोघांचे रस्ते वेगळे होतात. गो याला फक्त वेग हवा, त्यामुळे त्याची मॅग्नम सरळ रस्त्यावर सुसाट. रेत्सु विचार करून खेळतो, म्हणून त्याची सॉनिक वळणावर पक्की. घरात दोन भाऊ असतील तर ही भांडणं वेगळी समजावून सांगायला नकोत.

समोर खलनायक आहे डॉ. ओगामी. शर्यत म्हणजे दुसऱ्याची गाडी फोडणं, असं त्याचं म्हणणं. गोच्या मॅग्नमचेही मालिकेत तुकडे होतात. तो रडतो, चिडतो आणि नवी मॅग्नम घेऊन परत ट्रॅकवर येतो. पुढे हे भाऊ जपानच्या संघातून जागतिक स्पर्धेत उतरतात. तिसऱ्या पर्वात मात्र मुख्य हिरो बदलतो. तिथे गोकी इचिमोंजी हा नवा मुलगा येतो.

ही गाडी खरी आहे का?

हो. तिला ‘मिनी फोरडब्ल्यूडी’ म्हणतात. शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने ती १९८२ मध्ये बाजारात आणली. आकार खऱ्या गाडीच्या ३२ व्या भागाइतका. दोन पेन्सिल सेल, एक छोटी मोटर आणि चारही चाकांना ताकद. सुटे भाग डिंक न लावता एकमेकांत बसवायचे.

या गाडीला रिमोट नसतो. स्टिअरिंगही नसतं. एकदा सोडली की ती सरळच पळणार. मग वळते कशी? ट्रॅकच्या दोन्ही बाजूंना भिंती असतात आणि गाडीच्या बाजूला छोटी आडवी चाकं, म्हणजे रोलर. रोलर भिंतीला घासत फिरतात आणि गाडीला वळवतात.

मालिकेत मुलं गाडीच्या शेजारून धावतात, ओरडतात आणि गाडी जणू त्यांचं ऐकते. खऱ्या ट्रॅकवर असं काही होत नाही. गाडी सोडल्यावर मालकाने फक्त बघायचं. जे करायचं ते आधीच करून ठेवायचं.

मग जिंकतं कोण?

इथे गिअरचं गणित येतं. गिअर ३.५ ला १ असेल तर मोटरचे साडेतीन फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. वेग जास्त, ओढ कमी. तेच ५ ला १ असेल तर वेग कमी, पण चढावर गाडी दमत नाही. ट्रॅक्टरचा लो गिअर माहीत असलेल्याला हे लगेच कळेल.

आणि फक्त वेगवान मोटर लावून भागत नाही. वेग जास्त झाला की गाडी वळणावर किंवा उंचवट्यावर उडून ट्रॅकबाहेर पडते. बाहेर पडली की शर्यत संपली. म्हणजे गोचा वेग आणि रेत्सुचा ताबा, दोन्ही एकाच गाडीत बसवावे लागतात. मालिकेने दोन भाऊ का घेतले, ते इथे कळतं.

गोच्या आधीही एक हिरो होता

‘डॅश योंकुरो’ ही चित्रकथा १९८७ मध्ये याच मासिकात सुरू झाली आणि १९८९ मध्ये तिची अ‍ॅनिमे आली. त्यातला योंकुरो हॉकी स्टिकने गाडीला दिशा देत धावायचा. ‘योंकु’ म्हणजे जपानीत फोर-व्हील ड्राइव्ह, त्यावरूनच त्याचं नाव. तामियाची जपान कप ही स्पर्धाही त्याच काळात, १९८८ मध्ये सुरू झाली. १९९९ नंतर ती थांबली आणि २०१२ मध्ये परत आली.

गोष्ट की जाहिरात?

खरं उत्तर : दोन्ही. टीव्हीवर मॅग्नम दिसायची आणि दुकानात तीच मॅग्नम मिळायची. गोष्टीत नवी गाडी आली की दुकानात नवा खोका. आपल्याकडे बेब्लेड बघून वाढलेल्या पिढीला हा फॉर्म्युला ओळखीचा आहे. टीव्हीवर भोवरा फिरला की संध्याकाळी घरात हट्ट सुरू. त्यामुळे मूल असली मालिका बघत असेल, तर पुढची मागणी कुठून येणार हे आई-वडिलांना आधीच माहीत असलेलं बरं.

तरी एक फरक आहे. ही गाडी खोक्यातून काढून लगेच जिंकत नाही. ती जोडावी लागते, उघडावी लागते, पुन्हा जोडावी लागते. गो हरतो तेव्हा त्याला दोष द्यायला ड्रायव्हर नसतो, रिमोटही नसतो. आपण कुठे चुकलो हे स्वतःच शोधायचं.

महागडा खोका आणला नाही तरी ही शोधाशोध करता येते. बंद पडलेल्या खेळण्यातली मोटर, दोन सेल, बाटलीची झाकणं आणि पुठ्ठा घ्या. गाडी वाकडी का जाते, मागचं वजन पुढे सरकवलं तर काय होतं, हे पोराला करून बघू द्या. गो सेइबाही १५३ भागांतला बराच काळ हेच करत होता.