पिरेनीज : पर्वत आणि सीमा

दोन राष्ट्रांच्या मध्यें उंच पर्वत असला म्हणजे निसर्गानेंच त्यांची सीमा आंखून ठेविली आहे, असें आम्हीही वर्गांत वर्षानुवर्षें शिकवीत आलों. फ्रान्स व स्पेन यांच्यामधील पिरेनीज पर्वत हें त्याचें ठरलेलें उदाहरण. बिस्केच्या उपसागरापासून भूमध्य समुद्रापर्यंत ही रांग सुमारें ४३० किलोमीटर पसरली असून, अनेतो हें तिचें सर्वोच्च शिखर ३४०४ मीटर उंच आहे. प्राचीन काळापासून दोन्ही देशांस विभागणारा हा पर्वतच यापुढें सीमा समजावा, असें कलम इ. स. १६५९ च्या तहांत घालण्यांत आलें.

परंतु पर्वतावर ही रेघ नेमकी कोठें ओढावयाची? गरोन नदी उत्तरेस वाहत जाऊन फ्रान्समधील बोर्दो शहरावरून समुद्रास मिळते. तथापि तिच्या उगमाकडील आरान खोरें स्पेनचेंच राहिलें. पूर्वेकडील सेर्दान्याच्या खोऱ्यांतील तेहतीस गांवें १६६० सालीं फ्रान्सला देण्याचें ठरलें. ल्यिव्हिया हें मात्र गांव नसून नगर आहे, एवढ्या शब्दावर तें स्पेनकडे राहिलें, आणि आजही तें चोहोंकडून फ्रेंच भूमीनें वेढलेलें आहे. पश्चिम भागांतील रेघ पक्की होण्यास तर १८५६ साल उजाडावें लागलें.

डोंगरांतील लोकांचा व्यवहार याहून जुना होता. उत्तरेकडील बारेतू व दक्षिणेकडील रोंकाल या खोऱ्यांत माथ्यावरील कुरणें व झरे यांवरून रक्तपात होत असे. १३७५ सालीं पंचांनीं निवाडा दिला कीं, बारेतूकरांनीं रोंकालकरांस दरसाल तीन गाई द्याव्या. पुढें या दोन राष्ट्रांत अनेक युद्धें झालीं. परंतु १३ जुलै रोजीं सीमेवरील दगडापाशीं गाई देण्याचा तो रिवाज अद्याप चालू आहे.

याच्या उलट १९३९ च्या प्रारंभींचें दृश्य पाहावें. यादवी युद्धांत पराभूत झालेल्या पक्षाचे सुमारें पांच लक्ष लोक, बायकामुलांसह, पूर्वेकडील घाटांतून फ्रान्सकडे निघाले. घाट चढून ते आले होते. परंतु नाक्यावर फ्रेंच सरकारची मनाई होती, आणि ती उठेपर्यंत त्यांना थंडींत तिष्ठत बसावें लागलें.

ती मनाई पर्वतानें केली नव्हती. सीमा निसर्गाची म्हटली कीं तिच्याविषयीं कोणासही जाब विचारतां येत नाहीं. म्हणून विद्यार्थ्यांस पिरेनीजचा नकाशा दाखवितांना ती रेघ कोणीं, केव्हां व कशासाठीं ओढिली, हेंही आम्ही आतां सांगतों.