लालभडक बोटुकली आणि बर्फातले शेतकरी



तीन वर्षांपूर्वी हौसेनं शेततळ्यात कोई मासे सोडले. बोटुकली निवडताना लालभडक तेवढी घेतली, फिकी आणि मळकट शेजाऱ्याला देऊन टाकली. दोन वर्षांत माझ्या माशांचा रंग विटला. शेजाऱ्याचे आज बघत राहावे असे झालेत! असं का झालं हे शोधत गेलो, तर थेट जपानच्या भातशेतकऱ्यांपर्यंत पोचलो.

निगाता भागातली यामाकोशी आणि ओजियाची डोंगराळ गावं. हिवाळ्यात पुरुष-दोन पुरुष बर्फ, वाटा बंद. उतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं आणि त्यांना पाणी द्यायला तळी. या तळ्यांत खाण्यासाठी कार्प पाळायचे, म्हणजे आपल्या सायप्रिनसचाच भाऊबंद. १९व्या शतकाच्या सुरुवातीला या काळपट माशांत मधूनच एखादा लाल, एखादा पांढरा निपजू लागला. शेतकऱ्यांनी तो खाल्ला नाही, पैदाशीला राखला. त्यातून पुढे लाल-पांढरा 'कोहाकू' तयार झाला. १९१४ च्या टोकियोतल्या प्रदर्शनात हे मासे मांडले, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला त्यांची ओळख झाली. पांढऱ्यावर लाल-काळे ठिपके असलेला 'सांके' १९१७ च्या सुमारास स्थिर झाला, काळ्यावर लाल-पांढरा 'शोवा' १९२७ मध्ये आला.

आता खरी मेख. एक मादी लाखांत अंडी देते, ठेवायचे मूठभर. शोवाची पिल्लं फुटल्यावर काही दिवसांतच काळी तेवढी राखतात, कारण काळा रंग तेव्हाच ओळखता येतो. कोहाकूला मात्र दीड-दोन महिने थांबावं लागतं.

मासा वाढतो तशी कातडी ताणते आणि लाल पट्टाही ताणतो. नवा लाल डाग सहसा उगवत नाही. म्हणून लहानपणी भरगच्च वाटणारी नक्षी पुढे मोकळी होऊन शोभते, आणि लहानपणीच नेटकी दिसणारी पुढे तुटक होते. लालाचंही तसंच. कोवळा नारिंगी रंग वर्षागणिक घट्ट होत जातो. लहानपणीच गडद झालेला बऱ्याचदा लवकर उतरतो. काळा तर कातडीखाली निळसर सावलीसारखा दबून असतो आणि दोन-तीन वर्षांनी वर येतो. शिवाय लाल रंगाचं मूळ द्रव्य माशाला स्वतः बनवता येत नाही, ते शेवाळातून, खाद्यातूनच मिळतं. पण खाद्यानं असलेला रंग खुलतो, नसलेली नक्षी येत नाही.

पुढे खुलेल म्हणून राखलेल्या अशा माशाला तिकडे 'तातेगोई' म्हणतात.

२३ ऑक्टोबर २००४ ला तिथं मोठा भूकंप झाला. डोंगर खचले, तळी फुटली, रस्ते तुटले, यामाकोशी गाव पूर्ण रिकामं करावं लागलं. पुष्कळ मासे मेले. वाचलेले काही मासे हेलिकॉप्टरनं बाहेर काढले. एवढा आटापिटा कशाला, असं आधी मलाही वाटलं. पण पैदाशीचा मासा गेला की बापजाद्यांनी केलेली निवडही त्याच्याबरोबर जाते. घरचं बियाणं ज्याचं एकदा मोडलंय, त्याला हे सांगायला नको.

यंदा मी पंधरा फिकी बोटुकली वेगळी ठेवलीत. दर सहा महिन्यांनी फोटो काढून वहीत नोंद करणार आहे. तुमच्याकडे कुणी कोई दोन-तीन वर्षं वाढवली असेल, तर रंग कसा बदलत गेला ते जरूर सांगा.